निवडुंगाला रोज पाणी

माझी आत्या ब्लॉग का लिहिते, यावर आमच्या घराण्यात जितकी मतं आहेत तितके त्या ब्लॉगला वाचक नाहीत.

काकूंचं मत असं की आत्याला प्रसिद्धी हवी आहे. काकांचं मत असं की एकटं राहणाऱ्या माणसाला संध्याकाळ फार लांब पडते, म्हणून काहीतरी चाळा. माझ्या चुलतबहिणीने कुठेतरी ऐकलं की ब्लॉगवर जाहिराती येतात आणि माणूस घरबसल्या कमावतो. तेव्हापासून ती आत्याशी जरा जास्तच गोड बोलते. आईला विचारलं तर ती भाजी चिरता चिरता म्हणते, "लिहू दे की. कोणाचं काय खातेय?" आणि बाबा, म्हणजे आत्याचे सख्खे थोरले भाऊ, या विषयावर एक अक्षर काढत नाहीत. मुळात आत्या या विषयावरच ते काढत नाहीत.

खरं कारण मला माहीत आहे, कारण तो ब्लॉग मीच काढून दिला आणि पुढे त्यात नको तितका अडकलोही.

आत्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. अर्ध्या शहराच्या कोपराची आतली बाजू तिला पाठ आहे. रस्त्यात कोणी हात केला तर तिला चेहरा आठवत नाही, पण त्याची बाही वर असेल तर लगेच ओळख पटते. डावा हात, शीर खोल, उपाशीपोटी चक्कर येते. हात असा हलका की रडायच्या तयारीने आलेली पोरं तोंड उघडून तशीच बसतात, कारण रडायला सुरुवात करावी तोवर कापूस लावून झालेला असतो.

आणि ही बाई घरी येऊन निवडुंग पाळते. दोन खोल्या, एक बाल्कनी. बाल्कनीत खुर्ची मावत नाही, कारण तिथे निवडुंग राहतात. खिडकीत निवडुंग, फ्रिजवर निवडुंग. तिच्याकडे पाहुणा आला की आधी त्याला कुठे बसायचं नाही ते सांगावं लागतं. दिवसभर लोकांना टोचायचं आणि संध्याकाळी स्वतःला टोचून घ्यायचं, म्हणजे जमाखर्च बरोबर, असं मी तिला म्हणतो. ती म्हणते, "जवळ ये, तुझाही बरोबर करून देते."

तर एका रविवारी तिने मला बोलावलं आणि म्हणाली, "शहाण्या, मला एक ब्लॉग काढून दे."

मला शहाण्या ती लहानपणापासून म्हणते. कौतुकाने म्हणते असं मी मोठा होईपर्यंत समजत होतो.

"कशावर?"

"कशावर म्हणजे? यांच्यावर." तिने बाल्कनीकडे हात केला. तिथे हिरव्या, राखाडी, गोल, उभ्या, केसाळ अशा पंचवीसेक मंडळींनी माझ्याकडे तोंड केलं होतं.

"कोण वाचणार, आत्या?"

"ज्याला वाचायचं तो वाचेल. तू फक्त एक बघ. खाली लोकांना लिहिता येतं ना? आपण काही लिहिलं की खाली त्यांचं उत्तर?"

"कमेंट. येतं की."

"मग झालं."

ब्लॉगचं नाव ठेवलं 'काटेकोर'. ते मी सुचवलं, आणि या सगळ्या प्रकरणात माझं निर्विवाद योगदान तेवढंच. पहिले लेख अगदी लॅबच्या रिपोर्टसारखे होते. झाडाचं नाव, वय अंदाजे, उंची, काट्यांचा रंग, मुळांची स्थिती, शेरा: प्रकृती समाधानकारक. मी म्हटलं, "आत्या, जरा मोकळं लिही. लोकांना वाटेल झाडाला उद्या घरी सोडणार आहेत." मग ती हळूहळू खुलली. कुंडी बदलताना वर्तमानपत्राची घडी करून निवडुंगाला कमरेत कसं धरायचं, ते तिने इतकं छान लिहिलं की वाचून मलाही एखाद्या निवडुंगाला कमरेत धरावंसं वाटलं.

पण लेख टाकला की दुसऱ्या दिवशी तिचा फोन ठरलेला. किती लोकांनी वाचलं, हे तिने कधी विचारलं नाही.

"कोणी काही लिहिलं का खाली?"

"एकाने 'छान' लिहिलंय. आणि एकजण वजन कमी करायचं चूर्ण विकतोय."

"आणखी कोणी नाही?"

"आणखी कोण पाहिजे तुला?"

"काही नाही. ठेव फोन."

आता इथे मला जाडूबद्दल सांगितलं पाहिजे.

जाडू म्हणजे एक गोल, पट्ट्यापट्ट्यांचा, आडदांड निवडुंग. बाबा आणि आत्या कॉलेजात असताना एक रोपवाटिका बंद होत होती, तिथून दोघांनी मिळून तो आणला. बाबा स्कूटर चालवत होते आणि आत्या मागे जाडूला मांडीवर घेऊन बसली होती. वाटेत जितके खड्डे लागले ते सगळे तिला अजून लक्षात आहेत. त्या दिवसापासून दोघांना हा नाद लागला. आमच्या घराच्या वरच्या खोलीत आत्या राहायची आणि तिच्या दारासमोरची गच्ची या दोघांची. संध्याकाळी आई खालून जेवायला हाका मारायची आणि वर या दोघांचा वाद चाललेला असायचा, वाळू किती आणि खडी किती यावर.

वाद घालण्यात बाबांचा हात कोणी धरू शकत नाही, कारण तो त्यांचा धंदाच आहे. ते लिफ्ट तपासतात. इमारतींच्या लिफ्ट सुरक्षित आहेत की नाहीत हे पाहून सही करायची, हे काम. आपण लिफ्टमध्ये शिरलो की कोणता मजला आला ते बघतो. बाबा डोळे मिटून वरचे दोर ऐकतात. ठाकठीक चाललेली लिफ्ट त्यांना दिसतच नाही. कुठे कुरकुर असेल तर मात्र त्यांचा चेहरा उजळतो. घरातही तसंच. आईच्या हातचं जेवण चांगलं झालं की ते गप्प जेवतात, मीठ कमी पडलं की संभाषण सुरू होतं.

जाडूला कधी फूल आलं नव्हतं. या जातीचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्र काढतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं. दोघं वर्षानुवर्षं वाट बघत होते. आणि एका वर्षी कळी आली. दोघंही असे वागत होते की आमच्या घरात बारसंच निघालंय. नेमकी ज्या दिवशी ती उमलायची, त्या दिवशी एका हॉस्पिटलची लिफ्ट अडकली आणि बाबा आदल्या रात्रीपासून तिथेच होते. संध्याकाळी घरी आले ते बुटांसकट पलंगावर पडले. आत्या वर फुलापाशी. ती खाली आली, त्यांच्याकडे बघितलं, त्यांचे बूट काढले, अंगावर पांघरूण घातलं आणि परत वर गेली.

सकाळी बाबांनी गच्चीत जाऊन पाहिलं तर फूल लोळागोळा झालेलं.

"उठवलं का नाहीस?"

"तू मेल्यासारखा झोपला होतास, दादा."

"उठवलं का नाहीस, एवढंच विचारतोय."

पुढे जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. आत्याने दोनदा चुकलं म्हणून पाहिलं आणि बाबा दोन्ही वेळा "ठीक आहे" म्हणाले. आमच्या घरात "ठीक आहे" म्हणजे विषय संपला नाही, माणूस संपला. काही महिन्यांनी आत्याने लॅबजवळ जागा घेतली. कारण काय, तर येण्याजाण्याचा त्रास वाचतो. कुंड्यांची वाटणी झाली, जाडू इथेच राहिला कारण तो दोघांना मिळूनसुद्धा आता उचलवत नव्हता. त्यानंतर तिचा फोन आला आणि बाबांनी उचलला, तर ते म्हणायचे, "देतो," आणि फोन आईकडे. कित्येक वर्षांत भावाचा बहिणीशी झालेला संवाद तो एवढाच. देतो.

हे सगळं मला माहीत होतं, पण ब्लॉगशी मी ते जोडलं नव्हतं. शहाण्या म्हणतात ते उगाच नाही.

एके दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आलो तर बाबा कॉम्प्युटरसमोर, नाकावर वाचायचा चष्मा आणि पडद्यावर 'काटेकोर'. मला पाहून त्यांनी इतक्या घाईने ते बंद केलं की मला क्षणभर भलतीच शंका आली.

"काय वाचताय?"

"काही नाही. आपोआप उघडलं."

"आपोआप चौथं पान उघडलं?"

"तुझ्या ऑफिसला सुट्टी होती का आज?" बाबा उठले आणि उठता उठता कमरेला हात लावून विव्हळले. त्या दिवसांत त्यांची पाठ धरली होती. कशाने, विचारलं तर म्हणायचे, बारा मजले पायी चढलो, लिफ्ट बंद होती. लिफ्टवाल्याच्या तोंडी हे कारण शोभतं म्हणून आम्ही कोणी जास्त खोदलं नाही.

जेवताना मी खडा टाकला. "बरं लिहिते ना आत्या?"

बाबांनी घास पूर्ण चावला. "बरोबर आहे," एवढं म्हणाले आणि पाणी प्यायले. आईने माझ्याकडे बघून भुवया अशा केल्या की गप्प बस, शहाणपणा करू नकोस.

मी आत्याकडे गेलो तेव्हा मात्र माझी जीभ घसरली. ती कोणी काही लिहिलं का विचारत होती आणि मला तिची दया आली. म्हटलं, "लिहिलं नाही, पण बाबा म्हणाले, बरोबर आहे."

ती चिमट्याने एका कुंडीतलं गवत उपटत होती. चिमटा हवेतच थांबला.

"दादा वाचतो?"

"सगळे वाचलेत बहुतेक. पहिल्यापासून."

"आणि म्हणाला काय? नीट सांग. शब्द काय वापरला?"

"'बरोबर आहे.'"

गवताची काडी माझ्या बशीत टाकून ती म्हणाली, "बरोबर आहे ना, म्हणूनच तर सगळं अडलंय."

मला काही कळलं नाही. पुढचा लेख आला तेव्हा मी तो वाचला आणि छान वाटला. निवडुंगासाठी माती कशी करावी: निम्मं खत, निम्मी बागेतली काळी माती, वर थोडी वाळू शोभेला. मला निवडुंगातलं काय कळतंय. पण घरी बाहेरच्या खोलीतून असा आवाज आला की आई हातातला चमचा टाकून धावली.

"शोभेला?" बाबा कॉम्प्युटरला विचारत होते. "वाळू शोभेला? निम्मं खत? अगं, महिन्याभरात मुळं सडतील. ही लिहिते काय?"

"कोण काय लिहितं?" आईने निरागसपणे विचारलं.

"कोणी नाही," बाबा म्हणाले आणि गच्चीत निघून गेले. वर जाऊन ते बराच वेळ निवडुंगांना समजावत होते, असं आईचं म्हणणं.

मी लगेच आत्याकडे. "आत्या, मातीचं काहीतरी चुकलंय तुझं. बाबा—"

"काय म्हणाला?" तिचे डोळे चमकले. "कसं म्हणाला? करून दाखव."

मी करून दाखवलं. वाळू शोभेला, हे मी दोनदा करून दाखवलं, कारण तिने परत मागितलं. ती हसता हसता खाली बसली आणि नेमकी जिथे बसू नये तिथे बसली, तरी हसत राहिली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

"म्हणजे तू मुद्दाम..."

"हे बघ," ती मागचे काटे काढत म्हणाली, "तुझ्या बापाने जन्मात कधी बरोबर गोष्टीवर तोंड उघडलेलं नाही. मला शंभरपैकी ब्याण्णव मिळाले तेव्हा तो म्हणाला, आठ कुठे गेले? पण आठ कुठे गेले हे विचारत तो माझ्याजवळ बसून राहिला, पूर्ण पेपर सोडवून घेतला. त्याचं बोलणं असंच सुरू होतं. चूक दिसली की."

"म्हणून ब्लॉग?"

"नाहीतर मला काय हौस आहे काट्यांवर निबंध लिहायची? आधी वाटलं, वाचेल, त्याला गच्ची आठवेल, एखादा शब्द लिहील. फोनवर 'देतो' म्हणता येतं. खाली लिहायच्या जागेत 'देतो' कसं लिहिणार?"

तर हे कारण. प्रसिद्धी नाही, जाहिराती नाहीत. एका माणसाने खाली येऊन तू चुकलीस असं लिहावं, एवढ्यासाठी माझी आत्या लिहीत होती.

पुढच्या लेखात तिने लिहिलं की निवडुंगाचं पिल्लू आईपासून कापलं की ताबडतोब ओल्या मातीत लावावं. बाबांच्या मते ती जखम आठवडाभर सुकू द्यायची असते. त्या दिवशी त्यांनी कमेंटची जागा उघडली. मी दाराआडून बघत होतो. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत त्यांनी 'हे साफ' एवढं लिहिलं, थांबले, पुसलं, आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले. मी आत्याला फोन करून बातमी दिली. क्रिकेटची धावसंख्या सांगावी तसं. ती म्हणाली, "'हे साफ' पर्यंत आला? मग आता जोरात टाकते."

आणि तिने तो लेख टाकला. मथळा: निवडुंगाला रोज पाणी घाला.

बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. "पोट ठीक नाही," म्हणाले.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण ब्लॉग म्हणजे काही दोघांतली चिठ्ठी नव्हे, हे आम्ही दोघं शहाणे विसरलो होतो.

आत्याच्या लॅबच्या गल्लीत एक सलून आहे. त्याचा मालक साखर तपासायला आला. खुर्चीत बसला, बाही वर केली आणि आत्याने दंडाला रबरी पट्टा बांधला तोच म्हणाला, "ताई, ब्लॉगवर फोटो बघितला तेव्हा वाटलंच की या आपल्या लॅबमधल्या. मी वाचतो तुमचं सगळं."

आत्या खूश. दादाखेरीज खरोखरचा वाचक.

"एक दाखवायचं होतं." त्याने दुसऱ्या हाताने पिशवी उघडली. आत एक छोटा निवडुंग होता, खालून भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा तपकिरी, वर अजून थोडा हिरवा. "आरशापाशी ठेवला होता. बायकोने दिलेला, दुकान उघडलं तेव्हा. तुम्ही रोज पाणी लिहिलंत ना, तेव्हापासून नियमाने घालतोय. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फवारा मारला की दोन फवारे याला. तरी असं झालं. माझंच चुकलं असेल. मागच्या आठवड्यात सोमवारी दुकान बंद होतं, तेवढा एक दिवस पाणी राहिलं."

आत्याला त्या दिवशी शीर सापडायला दोनदा टोचावं लागलं. लॅबमधल्या लोकांनी मान वर करून पाहिलं, इतकी ती गोष्ट नवलाची.

संध्याकाळी मी गेलो तर ती ओट्यापाशी उभी होती. समोर वर्तमानपत्रावर सलूनवाल्याचा निवडुंग. तिने कुजलेला भाग पात्याने कापून काढला होता आणि वरचा हिरवा शेंडा तेवढा वाळत ठेवला होता.

"वाचेल का?"

"बघू. जखम सुकायला हवी." ती हात धूत होती, परत परत. "तो माणूस म्हणतो, माझंच चुकलं. इतकी वर्षं नोकरी केली, माझ्या हातून एकाचाही रिपोर्ट चुकीचा गेला नाही. आणि हे मी ठरवून केलं."

"एक झाड तर गेलं, आत्या. त्याला दुसरं दे की."

"आणि ज्यांनी पिशवी घेऊन माझ्यापर्यंत यायचे कष्ट घेतले नाहीत, त्यांचं काय? उद्याच लिहून टाकते, काय काय चूक आहे ते."

मला राहवलं नाही. "थांब जरा. बाबा आता अगदी काठावर आलेत. परवा परत उघडून बसले होते, पूर्ण एक ओळ लिहिली आणि मग पुसली. आणखी एक लेख टाक, नक्की बोलतील. मग हवं ते दुरुस्त कर. तू सगळं कबूल करून बसलीस तर त्यांच्याकडे बोलायला उरलं काय?"

ती टॉवेलला हात पुसत राहिली. हे तिला माझ्याआधी कळलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"काही उरणार नाही," ती म्हणाली. "पण त्या सलूनवाल्यासारखा आणखी कोणाचा सोमवार मला नको."

तिने माझ्यासमोर बसून लिहिलं. मोजून सात-आठ ओळी. मागच्या तीन लेखांतल्या तीन गोष्टी चूक आहेत. माती अशी करू नका, अशी करा. पिल्लू लगेच लावू नका. निवडुंगाला रोज पाणी घालू नका, माती पूर्ण सुकल्याशिवाय तर मुळीच नाही. या चुका अज्ञानाने झालेल्या नाहीत, मी त्या मुद्दाम लिहिल्या. एक माणूस चूक दिसल्याशिवाय बोलत नाही, आणि त्याने बोलावं असं मला वाटत होतं. त्यापायी ज्यांची झाडं गेली त्यांची मी माफी मागते, झाडही देते. यापुढे इथे सगळं बरोबर असेल.

शेवटचं वाक्य लिहून ती म्हणाली, "संपलं," आणि कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं. कमेंटचं विचारलं नाही.

घरी मी बाबांच्या खोलीत डोकावलो नाही. आईने डोकावलं. तिने सांगितलं की वाचून झाल्यावर त्यांनी चहा मागितला, साखर बरोबर होती तरी "चांगला झालाय" म्हणाले. आई घाबरून मलाच म्हणाली, "डॉक्टरला दाखवायचं का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आत्याचा फोन आला. लॅबमधून, कामाच्या वेळेत, म्हणजे काहीतरी भयंकर.

"शहाण्या, खाली काय आलंय बघ. मला चष्म्यातून नीट दिसत नाहीये." तिला चष्म्यातून उत्तम दिसतं.

मी उघडलं. बाबांचं नाव नव्हतं, नावाच्या जागी नुसतं 'वाचक' होतं. पण कमेंट अशी होती:

'तीन नाही, चार. पहिल्या लेखात लिहिलं आहे की शेजारच्या इमारतीची सावली पडत असल्याने जाडूला पुन्हा फूल येईल असं वाटत नाही. हे चूक आहे. कुंडी मे महिन्यातच उन्हात सरकवली आहे. कळी आली आहे. बोटाएवढी आहे. लेखिकेने प्रत्यक्ष येऊन खात्री करावी.'

मे महिन्यात. पाठ धरली तो महिना. बारा मजले काय, आणि लिफ्ट बंद काय. पहिलाच लेख वाचून हा माणूस एकट्याने ती धोंड गच्चीभर ढकलत बसला होता आणि आम्ही रोज रात्री त्याच्या कमरेला मलम चोळत होतो.

"आत्या," मी म्हटलं, "ऐकतेस ना?"

"ऐकतेय. काय लिहू खाली?"

"मला काय विचारतेस?"

तिने काय लिहिलं ते मी नंतर वाचलं: 'कळी कोणत्या बाजूला आहे? जमिनीपासून उंची? फोटो का नाही?'

संध्याकाळी ती आली. सलूनवाल्याला द्यायच्या दोन कुंड्या वाटेत पोचवून आली. बाबा जिन्याच्या तोंडाशी उभे होते. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, गळा दाटेल वगैरे.

"उशीर केलास," बाबा म्हणाले.

"लॅब सोडून येऊ?"

एवढं बोलून दोघं वर गेले, आणि आईने पातेल्यात आणखी तांदूळ घातले. तिने विचारलंसुद्धा नाही, आत्या जेवणार आहे का म्हणून.

मी खुर्च्या घेऊन वर गेलो तेव्हा आत्या कुंडीभोवती फिरून तपासणी करत होती.

"ही इथे आली कशी?"

"आली."

"चालत?"

"सरकवली थोडी."

"थोडी? पाठ दाखव."

"पाठीचं काय मध्येच? कळी बघ. उद्या उमलते."

"उद्या? अजून चार दिवस."

"सुई, मी रोज बघतोय हिला."

सुई. बाबा तिला सुई म्हणतात, हे मी विसरूनच गेलो होतो. आत्या कळीकडेच बघत राहिली, पण कळीत इतकं बघण्यासारखं काही नव्हतं.

"आणि ते रोज पाणी," बाबा म्हणाले. "वाचून रक्त तापलं माझं."

"मग यायचं तपासायला. आम्ही सकाळी सातला उघडतो."

कळी दुसऱ्या दिवशी उमलली नाही आणि चौथ्या दिवशीही नाही. दोघंही चुकले, त्यामुळे वातावरण उत्तम राहिलं. आत्या रोज लॅबमधून थेट यायची. सातव्या की आठव्या संध्याकाळी देठ वर उचलला गेला, कळीचं टोक सैल पडलं आणि बाबा म्हणाले, "आज." आत्याने वाद घातला नाही, म्हणजे आजच.

त्या दिवशी तिच्या लॅबमध्ये एका कारखान्यातल्या सगळ्या कामगारांची तपासणी होती. पहाटेपासून तिने हात किती धरले ते तीच जाणे. जेवण झाल्यावर आम्ही गच्चीत बसलो आणि बोलता बोलता ती खुर्चीतच झोपली. मान एका बाजूला, तोंड जरासं उघडं, पायांत अजून लॅबच्या चपला.

मग जाडूचं फूल उघडायला लागलं. पाकळ्या एकेक करून मागे सरत होत्या, पांढऱ्या, इतक्या पातळ की मागचा दिवा दिसत होता. मी आत्याला हलवायला हात पुढे केला. बाबांनी तो धरला.

ते तिच्याकडे बघत होते. फुलाकडे एकदा, परत तिच्याकडे. खाली वाकून त्यांनी तिच्या चपला काढल्या आणि बाजूला ठेवल्या. मग कठड्याला टेकून उभे राहिले. मी काही बोलणार तर बोट ओठांवर. असे आम्ही उभे, तिकडे फूल उमलतंय, इकडे आत्या घोरतेय.

शेवटी बाबांनीच तिच्या खांद्याला हात लावला. "सुई, ऊठ. बघ."

ती दचकून उठली, चष्मा शोधला, आणि फुलाजवळ गुडघ्यांवर बसली. बराच वेळ नुसती बघत होती. मग मान वळवली.

"कधी उमललं?"

"आत्ताच," बाबा म्हणाले.

आत्याने पाकळ्यांच्या आत डोकावून पाहिलं, मग आपल्या उघड्या पायांकडे पाहिलं, मग बाजूला नीट जोडून ठेवलेल्या चपलांकडे.

"चूक," ती म्हणाली. "निदान अर्धा तास झालाय."

"अर्धा कसला? वीस मिनिटं," बाबा म्हणाले, आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.